नळदुर्गच्या वेशीवरून परतलेली लाट

1833 या एकाच वर्षी, एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन ठिकाणी, राज्यसत्तेने देवाच्या जमाखर्चातून आपले अंग काढून घेण्याचा निर्णय केला. फेब्रुवारीत लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानातील आपल्या सरकारास लिहिले की, देवळांची व्यवस्था व यात्रेकरूंवरील कर यांतून हळूहळू बाजूस व्हावे. आणि नोव्हेंबरात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी, चर्चच्या पाद्र्यांना गावाच्या करातून वेतन देण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आपल्या राज्यघटनेतून काढून टाकली. या दोन्ही निर्णयांची लाट आमच्या नळदुर्ग–तुळजापूरच्या मुलखापर्यंत येते येते म्हणत कशी परतली, हा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

अमेरिका स्वतंत्र झाली त्याच क्षणी तेथे धर्म आणि राज्य विभक्त झाले, असा आपल्याकडे एक सोयीस्कर समज आहे. वस्तुस्थिती अशी की, व्हर्जिनियात जेफर्सनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मॅडिसनच्या खटपटीने 1786 मध्ये संमत झाला आणि 1791 ची पहिली घटनादुरुस्तीही झाली, तरी ती दुरुस्ती केवळ मध्यवर्ती काँग्रेसला बांधून घेणारी होती. घटक राज्यांना आपापला पंथ पोसण्यास तिची आडकाठी नव्हती. मॅसॅच्युसेट्सच्या 1780 च्या घटनेतील तिसरे कलम तर प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या वेतनाची तरतूद गावांनीच करावी असे सांगत होते, आणि आयझॅक बॅकससारखे बाप्टिस्ट त्याविरुद्ध झगडत होते ते नास्तिक म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या पाद्र्याचा पगार आपल्या खिशातून का जावा म्हणून. पुढे डेडहॅम गावी पाद्री कोण नेमावा यावरून तंटा झाला, तेव्हा 1820 च्या सुमारास न्यायालयाने कौल दिला की, नेमणुकीचा अधिकार करदात्या गावकऱ्यांचा आहे, आणि दीक्षित सभासद बहुसंख्येने निघून गेले तरी चर्चची मालमत्ता मागे राहिलेल्यांचीच. या निकालाने निघून गेलेल्या जुन्या मताच्या लोकांनाच सरकारी आश्रय नकोसा झाला. तत्त्वज्ञानापेक्षा मालमत्तेच्या कज्ज्यानेच हे विभाजन घडवून आणले, असे माझे मत आहे.

याच मॅसॅच्युसेट्समधील मिशन-संस्थेने धाडलेले आणि 1812 मध्ये फिलाडेल्फिया बंदरातून निघालेले अमेरिकन मिशनरी 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले आणि 1831 मध्ये नगरास त्यांचे ठाणे झाले. ज्या नगरजवळच्या बुऱ्हाणनगराहून दरसाल तुळजाभवानीची पालखी निघते, त्याच नगरात, करावर पोसलेल्या चर्चमधून आलेली ही मंडळी कंपनी सरकार मूर्तिपूजेला आश्रय देते म्हणून खंत करीत बसावी, यातील विसंगती त्यांच्या ध्यानी आली असेल असे वाटत नाही.

आता नळदुर्गकडे वळू. हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या कर्जापोटी 1853 च्या तहनाम्याने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर हा प्रदेशही कंपनीच्या हवाली केला. त्याचा कारभार पाहावयास आला तो निजामाच्याच चाकरीत मुरलेला फिलिप मेडोज टेलर, ज्याने पुढे 1863 मध्ये ‘तारा’ ही कादंबरी लिहिताना तुळजापूरलाच आपल्या कथेची भूमी केले. इंग्रजी अंमल येथे रुजता, तर देवस्थानाच्या व्यवस्थेचा प्रश्न कंपनीच्या नव्या धोरणाप्रमाणे पुजाऱ्यांच्या आणि दिवाणी कोर्टाच्या हवाली झाला असता. परंतु 1857 च्या उठावात निजाम इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला, आणि त्या निष्ठेचे इनाम म्हणून 1860 मध्ये धाराशिव, म्हणजे नळदुर्गचा हा मुलूख, व रायचूर दुआब त्याला परत मिळाले. तीनच वर्षांनी, 1863 च्या विसाव्या कायद्याने बंगाल आणि मद्रास इलाख्यांतील देवस्थानांवरची सरकारी देखरेख रीतसर उठली. तोवर आमचा जिल्हा पुन्हा हैदराबादच्या दफ्तरात जमा झालेला होता.

हैदराबाद दरबाराला अंग काढून घेण्याची उबळ कधी आली नाही. मशिदी असोत की मंदिरे, उमूर-ए-मजहबी या धर्मविषयक खात्याची नजर सर्वांवर असे. आणि तुळजापुरात भोपे, पाळीकर व उपाध्ये या पुजाऱ्यांचे हक्क, पाळ्या आणि शिस्त यांचे नियम घालून देणारी देऊळ-ए-कवायत 1909 मध्ये अमलात आली. शेजारच्या पंढरपुराची गोष्ट नेमकी उलट. तेथे इंग्रजी अमलात बडवे–उत्पात या पुजाऱ्यांची वहिवाट कोर्टकचेऱ्यांतून चालत राहिली, आणि तिला हात घालण्यास 1973 चा कायदा व त्यावर 2014 मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. एकाच भक्तिप्रदेशातील ही दोन क्षेत्रे, पण मधून गेलेल्या संस्थानी सरहद्दीने त्यांची कायदेशीर कुंडलीच वेगळी केली.

1948 च्या सप्टेंबरात पोलीस कारवाईने निजामी संपली. त्याच वर्षी डिसेंबरात घटना समितीत के. टी. शहा यांनी, राज्याचा कोणत्याही धर्माशी काहीएक संबंध नसावा, अशी अमेरिकन धाटणीची दुरुस्ती सुचविली आणि ती फेटाळली गेली. भारताच्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या कलमाने एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कर लावण्यास मनाई केली, म्हणजे बॅकसची तक्रार ऐकली. परंतु पंचविसाव्याने धर्माशी निगडित आर्थिक व ऐहिक व्यवहारांवर नियंत्रण ठेवण्याचा राज्याचा अधिकार राखला. आमच्या जिल्ह्यापुरते म्हणाल तर, दरबारी अंमलदाराच्या जागी जिल्हाधिकारी मंदिर संस्थानाचा पदसिद्ध अध्यक्ष झाला. नवरात्रात घटस्थापनेला यजमान म्हणून पाटावर बसतो तोही तोच, आणि एखाद्या पुजाऱ्याने शिस्त मोडली तर त्याच्यावर मंदिर प्रवेशबंदीची नोटीस निघते, ती आजही निजामाच्या 1909 च्या कवायतीतील कलमांचा आधार घेऊनच.