काहीच न बाळगण्याचा हक्क: सान दामियानोच्या नन्स

कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इंग्रजी शाळा येते. पण मूळ अर्थ आहे नन्सचा मठ. आज अशाच एका मठाची गोष्ट ऐकूया: इटलीत, असिसी गावाबाहेरचा सान दामियानो.

१२१२ च्या सुमारास असिसीतल्या उमराव घराण्यातली क्लारा रात्री गुपचूप घर सोडून निघाली. संत फ्रान्सिसने तिचे केस कापले. काही दिवसांनी धाकटी बहीण ॲग्नेसही आली आणि पुढे तर आईसुद्धा! फ्रान्सिसने स्वतः दुरुस्त केलेल्या सान दामियानोच्या छोट्याशा चर्चलगत या बायका राहू लागल्या.

आता प्रश्न असा, की त्या काळी मठ चालायचा कशावर? मुख्यतः जमिनीवर. शेतांचा खंड यायचा, शिवाय दाखल होणारी मुलगी हुंड्यासारखी रक्कम आणायची. क्लाराला नेमकं हेच नको होतं. येणारीने आपलं सगळं विकून गरिबांना वाटावं, मठाने हातच्या कामावर आणि भिक्षेवर जगावं, असं तिचं म्हणणं.

पोपना वेगळीच काळजी. नन्स बंद दाराआड राहणार, जमीन नसेल तर खाणार काय? नववे ग्रेगरी यांनी तिला मालमत्ता देऊ केली. व्रत आड येत असेल तर त्यातून मोकळं करतो, असंही सुचवलं. ती बधली नाही. शेवटी १२२८ मध्ये त्यांनीच लेखी सनद दिली: या बहिणींवर मालमत्ता घेण्याची सक्ती कोणीही करू शकणार नाही.

पण सनद म्हणजे नियमावली नव्हे. मठाचे नियम पुरुषांनीच लिहिलेले होते. मग क्लाराने स्वतःची नियमावली तयार केली. स्त्रीने स्त्रियांच्या मठासाठी लिहिलेली आणि पोपनी मान्य केलेली ही पहिली नियमावली मानतात. मंजुरी आली ९ ऑगस्ट १२५३ ला. दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, क्लारा गेली.

पुढे काय झालं? १२६३ मध्ये पोप चौथे अर्बन यांनी नवी नियमावली आणली. तिच्यात मालमत्तेला परवानगी होती आणि बहुतेक मठांनी तीच स्वीकारली. क्लाराचा मूळ मंजुरीपत्राचा कागद मात्र १८९३ मध्ये असिसीत, तिच्या जपून ठेवलेल्या वस्त्रात सापडला.

गरिबी लादली जाते, तेव्हा ती अन्याय असते. क्लाराची गरिबी तिने स्वतः निवडलेली होती, आणि ती निवड टिकवायला तिला आयुष्यभर भांडावं लागलं.