बिनतारी पाणपोई

उन्हाळ्याच्या दिवसांत वाटसरूची तहान भागावी, म्हणून रस्त्याच्या कडेला पाणपोई घालण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. रांजणातील पाणी पिणाऱ्याकडून कोणी त्याचे मोल घेत नाही. आजच्या नगरांत मात्र माणसाला आणखी एक तहान लागू लागली आहे. ती पाण्याची नव्हे, तर माहितीची आहे. ही तहान भागविणारी पाणपोई आज अनेक देशांत एका अनपेक्षित ठिकाणी आढळते. ते ठिकाण म्हणजे झटपट खाद्य देणारी उपाहारगृहे होत. तेथे खाद्याबरोबर वायफाय, म्हणजे बिनतारी इंटरनेट, विनामूल्य मिळते.

झटपट उपाहारगृहाची कल्पना अमेरिकेत रुजली. १९४८ साली कॅलिफोर्निया राज्यातील सॅन बर्नार्डिनो या गावी मॅक्डॉनल्ड नावाच्या दोन बंधूंनी आपल्या उपाहारगृहाची सारी व्यवस्था नव्याने मांडली. पदार्थ मोजकेच ठेवले आणि वाढप्यांना रजा दिली. गिऱ्हाइकाने खिडकीशी यावे, पैसे द्यावे आणि अल्पावधीत खाद्य घेऊन निघावे, अशी ती योजना होती. गिऱ्हाईक लवकर आले व लवकर गेले, की जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते, हे या धंद्याचे सूत्र होय. असे असता गिऱ्हाइकाला तासन्‌तास गुंतवून ठेवणारी सोय तेथे फुकट मिळावी, हे नवलाचेच वाटते. म्हणून ही सोय चालते कशी आणि दुकानदार ती देतो कशासाठी, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

उपाहारगृहाच्या छताजवळ किंवा भिंतीवर राउटर नावाची एक लहानशी पेटी बसविलेली असते. बाहेरून येणारी तार त्या पेटीपर्यंत पोचते. म्हणजे ‘बिनतारी’ म्हटले, तरी तार अजिबात नाहीशी झालेली नसते. केवळ अखेरची काही पावलेच संदेशाला तारेवाचून चालावयाची असतात. ही पेटी तारेतून आलेल्या संदेशाचे रेडिओलहरींत रूपांतर करते. या लहरी पुष्कळदा सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा स्पंद पावतात आणि त्यांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अशाच कुळातील लहरी भिंतीआडून पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. पुढे १९९७ साली संगणकांनी अशा लहरींच्या द्वारा परस्परांशी कसे बोलावे, याचे नियम निश्चित झाले आणि १९९९ साली त्या पद्धतीला ‘वायफाय’ हे सुटसुटीत नाव मिळाले.

आता एका पेटीवर पन्नास गिऱ्हाइकांचे काम कसे भागते? लग्नाच्या पंगतीत एकच वाढपी असला, तर तो एका पानावर सारे ताट रिकामे करीत नाही. थोडे येथे, थोडे तेथे, असे वाढीत तो पुढे जातो. राउटरही तसेच करतो. प्रत्येक संदेश लहान लहान तुकड्यांच्या रूपात त्याच्याकडे येतो; त्यांवर तो ज्याचा त्याचा पत्ता घालतो आणि एकामागून एक ते सोडतो. दोन यंत्रे एकाच क्षणी बोलू लागली, तर दोघांचेही बोलणे वाया जाते. म्हणून प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते, वाट मोकळी दिसली तरच बोलते, आणि टक्कर झालीच तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करते. असे थांबून पुन्हा बोलण्याची युक्ती हवाई बेटांवरील विद्यापीठाने १९७१ साली आपल्या बिनतारी जाळ्यात उपयोगात आणली होती. पंगत मोठी झाली, की प्रत्येक पानाला उशीर होतो. त्याचप्रमाणे उपाहारगृहात गर्दी वाढली, की इंटरनेटची गती मंदावते. गमतीची गोष्ट अशी, की स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरीही जवळजवळ त्याच स्पंदनसंख्येच्या असतात. त्यामुळे ओव्हन सुरू असता जवळच्या वायफायमध्ये कधी कधी व्यत्यय येतो.

प्रारंभी ही सोय सर्वस्वी फुकट नव्हती. २००३ साली मॅक्डॉनल्ड्सने न्यूयॉर्क शहरातील काही उपाहारगृहांत तिचा प्रयोग केला, तेव्हा ठरावीक खाद्य घेणाऱ्यालाच काही काळ इंटरनेट मिळे. पुढे दोन तासांना सुमारे तीन डॉलर आकारले जाऊ लागले. परंतु खिशात मावणारे स्मार्टफोन आले आणि प्रतिस्पर्धी दुकानांतही चढाओढ लागली. अखेर जानेवारी २०१० मध्ये मॅक्डॉनल्ड्सने अमेरिकेतील ११,००० हून अधिक उपाहारगृहांत वायफाय विनामूल्य केले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात स्टारबक्स या कॉफीगृहांनीही त्याचे अनुकरण केले.

दुकानदाराच्या या औदार्यामागे हिशेब असतो. दुपारच्या जेवणानंतर अनेक उपाहारगृहांतील टेबले रिकामी पडतात. रिकाम्या टेबलापासून उत्पन्न नाही. त्याच टेबलाशी एखादा विद्यार्थी इंटरनेटसाठी येऊन बसला, तर तो निदान चहाकॉफी तरी घेतो. गर्दीच्या वेळी मात्र तोच विद्यार्थी अडचणीचा ठरतो. म्हणून कित्येक ठिकाणी वायफायला वेळेची मर्यादा असते. थोडक्यात, ही पाणपोई धर्मासाठी घातलेली नसून व्यापारासाठी घातलेली आहे.

तथापि व्यापारासाठी घातलेल्या पाणपोईवरही खरे तहानलेले येतातच. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद होत्या आणि अभ्यास इंटरनेटवरून चालला होता. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात कॅलिफोर्नियातील सॅलिनस या गावी दोन लहान मुली टॅको बेल नावाच्या उपाहारगृहाबाहेर फरसबंदीवर बसून अभ्यास करीत असल्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्या तेथील वायफायच्या आधाराने शिकत होत्या. ज्या सिलिकॉन व्हॅलीतून संगणकविद्येचा प्रसार जगभर झाला, ती या गावापासून फार दूर नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! ते चित्र पाहून लोक हळहळले. शाळाखात्याने त्या कुटुंबाला इंटरनेटचे साधन दिले आणि लोकांनीही मोठी वर्गणी जमविली. पण छायाचित्रात न आलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न त्या प्रसंगाने मागे ठेवला. सार्वजनिक ग्रंथालयात वायफाय मिळते खरे, परंतु ग्रंथालये सायंकाळी मिटतात आणि महामारीत तर ती बंदच होती. मुलांचा अभ्यास दुकानदाराच्या सोयीवर अवलंबून राहावा, हे कोणत्याही समाजाला भूषणावह नाही.

भारतातही या दिशेने पाऊल पडले आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ या योजनेला संमती दिली. तिच्यामुळे चहावाला किंवा किराणा दुकानदार यांनाही परवाना न काढता आपल्या दुकानातून लोकांना वायफाय पुरविता येते.

पाणपोईचे पाणी पिताना ते स्वच्छ आहे की नाही, हे सुज्ञ माणूस पाहतो. येथेही तीच दक्षता हवी. उपाहारगृहाच्या नावासारखेच नाव देऊन एखादा लबाड मनुष्य खोटे वायफाय उभारू शकतो. म्हणून खरे नाव कोणते, हे तेथील सेवकाला विचारून घ्यावे. आपला गुप्त परवलीचा शब्द किंवा पैशांचा व्यवहार अशा सार्वजनिक जाळ्यावर करणे टाळावे. आणि आपले काम झाले, की जागा दुसऱ्यासाठी मोकळी करावी. ओंजळ भरली, की मागच्या तहानेल्याला वाट द्यावी, ही पाणपोईची जुनी रीत या नव्या पाणपोईलाही तितकीच लागू आहे.

स्वाध्याय

१. ‘बिनतारी’ म्हटले, तरी तार अजिबात नाहीशी झालेली नसते, असे का म्हटले आहे?
२. राउटर व पंगतीतील वाढपी यांतील साम्य स्पष्ट करा.
३. उपाहारगृहाचा मालक वायफाय विनामूल्य का देतो? त्याला मर्यादा का घालतो?
४. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण सॅलिनस येथील प्रसंगाला कशी लागू पडते?
५. घरी इंटरनेट नसलेल्या मुलांसाठी तुमच्या गावात कोणती सोय करता येईल, ते दहा ओळींत लिहा.