ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर खाद्यपदार्थांसाठी झालेला दंड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिडनी-मेलबर्नला मुलांकडे निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत पेढे, कढीपत्ता, लोणचे असतेच. उतरल्यावर त्यातला एखादा जिन्नस अंगाशी येतो आणि हातात दंडाची नोटीस पडते. मग कोणी घाबरून मुकाट्याने पैसे भरतो, तर कोणी नोटीस पर्समध्ये ठेवून विसरायचा प्रयत्न करतो. दाद मागायची सोय आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

गैरसमज : मनाई असलेला पदार्थ सापडला की दंड ठरलेलाच.
वस्तुस्थिती : दंड होतो तो प्रामुख्याने पदार्थ जाहीर न केल्याबद्दल. प्रवासी कार्डावर मांस, दुधाचे पदार्थ, फळे, भाज्या, बिया यांविषयी स्पष्ट प्रश्न असतात. तिथे ‘होय’ अशी खूण करून वस्तू दाखवली, तर ती जप्त होऊ शकते, पण दंड होत नाही. कार्डावर ‘नाही’ म्हटले आणि बॅगेत पेढे निघाले, की प्रकरण सुरू होते.

गैरसमज : चार पेढ्यांनी कोणाचे काय बिघडते?
वस्तुस्थिती : जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग भारतात आहे, ऑस्ट्रेलियात तो १८७२ नंतर आढळलेला नाही. त्याचा विषाणू दूध आणि मांसाच्या पदार्थांतून पसरू शकतो. तिथल्या शेतकऱ्याचे सारे पशुधन या दक्षतेवर अवलंबून आहे. म्हणून थोडे होते, सीलबंद होते, चुकून राहिले, या सबबींनी सुटका होईलच असे नाही. २०२३ मध्ये न्यूझीलंडहून ब्रिस्बेनला आलेल्या एका वृद्ध महिलेला, बॅगेत विसरलेल्या सीलबंद चिकन सँडविचसाठी ३,३०० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला होता.

गैरसमज : रक्कम अधिकाऱ्याच्या मनावर असते.
वस्तुस्थिती : दंड ‘पेनल्टी युनिट’मध्ये मोजतात आणि एका युनिटची किंमत कायद्याने ठरते. विमानतळावर दिल्या जाणाऱ्या अशा नोटिशीत गंभीर जोखमीच्या वस्तूंसाठी १२ युनिटपर्यंत दंड असतो. २०२२ मध्ये युनिट २२२ डॉलरचे होते, म्हणून बालीहून डार्विनला मफिन आणि हॅम क्रॉसाँ घेऊन आलेल्या प्रवाशाला २,६६४ डॉलर भरावे लागले. ७ नोव्हेंबर २०२४ पासून युनिट ३३० डॉलरचे झाले. त्या दराने १२ युनिटचे ३,९६० डॉलर होतात.

गैरसमज : दाद मागायची म्हणजे वकील आणि कोर्ट.
वस्तुस्थिती : पहिली पायरी एका अर्जाची आहे. नोटीस मागे घ्यावी अशी लेखी विनंती करता येते. अर्ज कुठे पाठवायचा, ते नोटिशीवरच दिलेले असते. अर्जात मांडलेली बाजू विचारात घेणे अधिकाऱ्यांना कायद्याने बंधनकारक आहे. घटना कोणत्या परिस्थितीत घडली, यापूर्वी असा दंड झाला होता का, हेही ते पाहू शकतात.

गैरसमज : ‘माफ करा, वय झाले आहे’ एवढे लिहिले की पुरे.
वस्तुस्थिती : दिलगिरी जरूर व्यक्त करा, पण अर्जाला बळ तपशिलांनी येते. कार्ड कोणी भरले, प्रश्न कोणत्या भाषेत समजला, अधिकाऱ्याने विचारल्यावर काय उत्तर दिले, वस्तू स्वतःहून दाखवली की तपासणीत सापडली, हे घडले त्या क्रमाने लिहा. आजारपण किंवा औषधांचा परिणाम असेल तर डॉक्टरांचे पत्र जोडा. कार्डाचा फोटो, पदार्थाच्या वेष्टनाचा फोटो, तिकीट, जे हाती असेल ते द्या. घडलेले नसेल ते मात्र लिहू नका. ज्या गोष्टीसाठी दंड झाला, ती म्हणजे चुकीची माहिती. अर्जातही तीच दिली तर आपली बाजू आपणच बुडवतो.

गैरसमज : अर्ज केला की मुदत थांबते.
वस्तुस्थिती : थांबते असे गृहीत धरू नका. पैसे भरायला साधारणपणे २८ दिवस मिळतात. वाढीव मुदत हवी असेल तर ती या २८ दिवसांच्या आत, वेगळी मागावी लागते.

गैरसमज : पैसे भरले म्हणजे गुन्हा कबूल केला.
वस्तुस्थिती : दंड भरल्याने त्या आरोपाची जबाबदारी संपते, कायद्याच्या दृष्टीने ती कबुली ठरत नाही. भरल्यानंतर नोटीस मागे घेतली गेली, तर रक्कम परत मिळते. उलट ना अर्ज, ना भरणा असे केले तर प्रकरण कोर्टात जाऊ शकते आणि तिथला दंड नोटिशीपेक्षा मोठा असू शकतो.

गैरसमज : दंड भरला की व्हिसाची काळजी नाही.
वस्तुस्थिती : व्हिसाचा निर्णय वेगळा असतो. जैवसुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल पर्यटकाचा व्हिसा रद्द करण्याची तरतूद २०१९ पासून आहे. त्याविषयी कागद हाती आला तर तो स्वतंत्रपणे वाचा आणि तिथल्या नोंदणीकृत स्थलांतर सल्लागाराला लगेच दाखवा.

परदेशी राहणाऱ्या मुलांना एक आग्रहाची विनंती. आईवडील निघण्याआधी फोनवर बॅगेतला एकेक जिन्नस विचारून घ्या, यादी मराठी आणि इंग्रजीत लिहून त्यांच्या हाती द्या, आणि शंका आली की कार्डावर ‘होय’वरच खूण करायची, हे पटवून सांगा. पेढे गेले तर जाऊ द्यावेत. एवढे करूनही नोटीस आलीच, तर त्या थकलेल्या माणसांना बोल लावण्यात वेळ घालवू नका. त्याच संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून, आठवण ताजी आहे तोवर, अर्ज लिहायला घ्या.