आधी सांगा, मग मागा

सुट्टी जवळ आली की मुलांचा हट्ट सुरू होतो: क्लबात नाव घाला. मागच्या वर्षी आम्हीही मुलाला क्रिकेटच्या एका क्लबात घातले. लौजीहून लोकलने कर्जतला ये-जा. प्रवेशाचे दीड हजार आणि महिन्याला आठशे, एवढेच सांगितले होते. घरखर्चात ते बसवून आम्ही पैसे भरले.

पंधरा दिवसांनी निरोप आला, जर्सीचे दोन जोड क्लबातूनच घ्यायचे, बाहेरचे चालणार नाहीत. पुढच्या महिन्यात मैदान देखभाल निधी. त्यानंतर स्पर्धा शुल्क, मग मुलगा संघात असो वा नसो. विचारले तर उत्तर मिळाले, "जमत नसेल तर उद्यापासून पाठवू नका." मुलगा शेजारीच उभा होता. आम्ही गुपचूप पैसे काढून दिले. पावती मागितली तेव्हा कोऱ्या कागदावर नुसता आकडा लिहून मिळाला.

मैदानाला पाणी, रोलर, माळी लागतो हे आम्हाला मान्य आहे. आमची तक्रार रकमेची नाही. ती आधी सांगितली असती, तर परवडते की नाही हे आम्ही घरी बसून ठरवले असते. मुलगा रमल्यावर मागितलेले पैसे आईबाप देतात, पण ते खुशीने नाही.

आपल्या दीनमध्ये खुशीला फार मोल आहे. सूरह निसाच्या २९व्या आयतीत दुसऱ्याचा माल नाहक खाण्यास मनाई आहे आणि व्यापाराला परस्परांच्या राजीखुशीची अट आहे. ज्या सौद्यात एक बाजू अंधारात राहते, त्याला हदीसमध्ये 'गरर' म्हटले आहे आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो मना केला आहे.

कायद्याचा रोखही तोच आहे. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांना बजावले की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप जोडू नका. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, पण २८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. तो नियम हॉटेलांपुरता आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पैसे घेऊन सेवा देणाऱ्या क्लबलाही लागू होतो, आणि सेवेची पावती न देणे ही त्यात अनुचित प्रथा मानली आहे.

म्हणून पहिला रुपया देण्याआधी वर्षाचा सगळा खर्च एका कागदावर लिहून मागावा. कोणता आकार सक्तीचा, कोणता ऐच्छिक, अनामत परत कधी मिळणार, मध्येच सोडल्यास काय, हे त्यात असावे. जीएसटी लावला असेल तर पावतीवर १५ अक्षरांचा क्रमांक पाहावा. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ने सुरू होतो. नोंदणीच नसेल तर जीएसटी मागण्याचा हक्कही नाही. क्लब सभासदांचीच नोंदणीकृत संस्था असेल तर वार्षिक सभेत हिशेब मागावा. तिथे आपण गैरहजर राहतो आणि नंतर कुरकुरतो.

एवढ्यानेही भागले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे, पण तक्रार ऑनलाइनही दाखल होते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याचे शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून पावत्या जपून ठेवाव्यात.

हा नियम आपल्याच मोहल्ल्यातल्या मंडळांनाही लागू आहे. स्पर्धेची वर्गणी गोळा करणारी मुले आपलीच असतात. त्यांनाही पावतीपुस्तक द्यावे आणि सामने संपल्यावर हिशेब मशिदीबाहेरच्या फलकावर लावायला सांगावा.

यंदा आम्ही दुसऱ्या क्लबात गेलो आणि सगळा खर्च लिहून मागितला. तिथल्या सरांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले, मग कागद ओढून लिहिले. बेरीज आमच्या अंदाजापेक्षा मोठी निघाली. आम्ही मुलाला समोर बसवून ती दाखवली, दोन महिने थांबायला सांगितले. तो थांबला. आता अल्हम्दुलिल्लाह तो खेळायला जातो, आणि फोन वाजला की आमच्या छातीत धस्स होत नाही.