अडॅप्ट : कोण बदललं, कोणासाठी?

मोबाईलच्या चार्जरचा भिंतीत खुपसायचा ठोकळा म्हणजे अडॅप्टर, हे जालन्यातलं शाळकरी पोरही सांगेल. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्यांना ॲप्टिट्यूड टेस्ट ठाऊक असते आणि कोणाचा ॲटिट्यूड वाढलाय यावर कट्ट्यावर तासभर वाद चालतो. लग्नाच्या अल्बमवर सोनेरी अक्षरांत छापलेलं ‘कपल’सुद्धा याच घराण्यातलं. चारही शब्दांचं मूळ एका लॅटिन धातूत आहे : जोडणे, बांधणे, नीट बसवणे. त्यापासून ‘आप्टुस’ म्हणजे जोगं, बरोबर बसलेलं. त्याला पुढे ‘आद’ लागून ‘आदाप्तारे’ झालं आणि फ्रेंचच्या वाटेनं ते पंधराव्या शतकात इंग्रजीत ‘अडॅप्ट’ म्हणून दाखल झालं. ॲटिट्यूडची कहाणी गमतीची आहे. तो इटालियन चित्रकारांचा शब्द, चित्रातल्या माणसाच्या उभं राहण्याच्या ढबीसाठीचा. कट्ट्यावरची पोरं तो जवळजवळ मूळ अर्थानेच वापरतात म्हणायचं! अडॉप्ट मात्र या घरचा नव्हे. त्याचं मूळ ‘निवडणे’ असं आहे, म्हणून दत्तक घेण्याला अडॉप्ट म्हणतात. अर्जांमध्ये या दोघांची अदलाबदल नेहमी होते.

इंग्रजीत ‘अडॅप्ट’ हे क्रियापद शेकडो वर्षं सकर्मकच चाललं. कोणीतरी कशाला तरी अडॅप्ट करायचा : सुतार फळीला, शिंपी कापडाला, नाटककार परक्या नाटकाला. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, पु. ल. देशपांड्यांनी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली, ती कामं या जातीची. बदलणारी वस्तू वेगळी, बदलणारा हात वेगळा. वस्तू आपली आपणच बदलते, माणूस ‘अडॅप्ट होतो’, हा अकर्मक वापर विसाव्या शतकात रुळला. तिथून एक सोय झाली. कोणी बदललं आणि कोणासाठी, हे वाक्यात सांगायची गरज उरली नाही.

आपल्याकडे ही सोय नाही. ‘मला इथली हवा मानवली’ म्हणताना मी काहीच केलेलं नसतं, जे केलं ते हवेनं. ‘सासरी जुळवून घेतलं’ म्हणताना सगळं सुनेनं केलेलं असतं. इंग्रजीचा एक शब्द या दोन्ही टोकांना पांघरूण घालतो. आता सरकारी कागदांवर त्याचं ‘अनुकूलन’ झालं आहे. हवामान बदलावरच्या १९९२च्या जागतिक करारापासून तो शब्द जगभर फिरला आणि जागतिक बँकेच्या मदतीनं २०१८मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून मराठवाड्याच्या गावागावांत पोचला. त्याचा अर्थ तपासायला जालना जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. सातशे मिलिमीटरच्या आसपासचा आणि तोही लहरी पाऊस, काळी जमीन, आणि बियाण्यांच्या धंद्याची राजधानी. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीहून ‘पुसा सावनी’ भेंडीचं बी आणलं, १९६४मध्ये इथेच महिको ही बियाणे कंपनी काढली, आणि १९९८मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. कोणतं वाण कोणत्या जमिनीला मानवतं, हे पाहण्यावरच या गावातल्या कित्येक घरांची चूल पेटते.

आधी तूर. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं, म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या केंद्रानं, तुरीची अनेक वाणं दिली. बीएसएमआर ७३६ हे जुनं आणि लोकप्रिय वाण तयार व्हायला १७५ ते १८० दिवस घेतं. पाऊस सप्टेंबरमध्ये आटोपला की हे वाण ऐन शेंगा भरताना तहानेनं मान टाकतं. याच केंद्राचं बीडीएन ७११ हे पांढरं वाण दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांत निघतं. जमिनीतली ओल संपायच्या आधी शेंगा भरून मोकळं. शास्त्रज्ञ दुष्काळाला तोंड देण्याचे तीन प्रकार सांगतात : दुष्काळ सोसणे, खोल मुळांनी किंवा पानांतून जाणारं पाणी रोखून तो टाळणे, आणि त्याच्या आधीच काम उरकून तो चुकवणे. बीडीएन ७११ तिसऱ्या प्रकारचं. इथे बदललं ते रोप आणि बदलवणारा होता माणूस.

दुसरी गोष्ट इतकी सरळ नाही. मार्च २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. परवानगी मिळालेले पहिले संकरित वाण महिकोचे होते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं जनुक रोपात घातलेलं, त्यामुळे पान किंवा बोंड खाल्लं की अळी मरते. २००६मध्ये दोन जनुकांचा ‘बोलगार्ड टू’ आला. त्या काळी साडेचारशे ग्रॅम बियाण्याच्या पिशवीबरोबर बिगर बीटीचं १२० ग्रॅमचं छोटं पाकीट येई. ते शेताच्या कडेनं लावायचं होतं. शेतकरी त्याला ‘रेफ्युजी’ म्हणत आणि बहुतेकांनी ते कधी लावलंच नाही. कारण उघड होतं : कडेच्या ओळींत अळी पोसायची आणि एवढ्या जागेतलं उत्पन्न सोडायचं, हे पटायला कठीण. पण त्या ओळींचं काम वेगळं होतं. तिथे वाढलेले, विषाची सवय नसलेले पतंग हे बीटीतून वाचलेल्या थोड्या पतंगांशी जुगतील आणि पुढची पिढी पुन्हा नाजूक राहील, असा तो हिशेब. ओळी नव्हत्या. वाचलेले वाचलेल्यांशीच जुगले. २००९च्या हंगामात गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी सापडली, आणि २०१७च्या हंगामात ‘बोलगार्ड टू’ लावलेल्या मराठवाड्यातल्या कापसाची बोंडं आतून पोखरलेली निघाली.

कोणत्याही एका अळीनं स्वतःला बदललं नाही, हे लक्षात ठेवायला हवं. डार्विननं १८५९मध्ये मांडलेलं अडॅप्टेशन हेच आहे. ज्या मरायच्या त्या मेल्या, उरल्या त्यांचा वंश वाढला. ‘अळी शिकली’ हे बोलायला सोपं, पण खरं नाही. तिला वेळ आणि अन्न आपणच पुरवलं. वेचणी झाल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घेतली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत अळीची पंगत चालू राहते, आणि या अळीला कापसाखेरीज दुसरं फारसं काही लागत नाही. म्हणूनच डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेत मोकळं ठेवा, असं सांगितलं जातं. दोन वेचण्यांच्या पैशासाठी पुढचा हंगाम गमावणं मला तरी महागाचा सौदा वाटतो. पण कर्जाचा हप्ता समोर असलेल्या माणसाला हे पुस्तकी वाटेल, हेही कबूल.

मोसंबीची गोष्ट तिसरीच आहे. मोझांबिकच्या नावानं आलेलं हे फळ इथे असं रुजलं की ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकन मिळालं. खुंट रंगपूर लिंबाचा किंवा जंबेरीचा, त्यावर मोसंबीचा डोळा भरायचा : लॅटिन ‘जोडणे’चा शब्दशः नमुना. बहार यायला झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि नंतर मात्र भरपूर पाणी. ताण माणसानं दिला तर बहार येतो. तोच निसर्गानं लांबवला की २०१२ आणि २०१३सारखं होतं : बागा वाळल्या, झाडं सरपणाला गेली.

त्यावर याच जिल्ह्यातल्या कडवंची गावानं दाखवलेला उपाय राज्यभर गाजला. १९९६पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचं काम झालं. नंतर शेततळी आली आणि द्राक्षांनी गावाचं उत्पन्न पालटलं. या कामाबद्दल मला आदर आहे. तरी इथे पीक जमिनीशी जुळलं नाही, जमीन पिकासाठी बदलली. पाणलोटानं पाणी मुरवलं, तोवर ठीक. पण २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर अनेक ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली तळी पावसानं न भरता विहिरीच्या मोटारीनं भरली जाऊ लागली. तळं एकाचं आणि उपसलेलं भूजल सगळ्यांचं. उन्हाळ्यात त्यातलं बरंच पाणी वाफ होऊन जातं ते वेगळंच.

सरकारी फायलीत तूर, फळबाग आणि शेततळं या सगळ्यांना ‘अनुकूलन’ हाच मथळा मिळतो. माझ्या लेखी पहिला मान तुरीचा. दीडशे दिवसांच्या त्या वाणानं शेजाऱ्याच्या विहिरीतला एक थेंबही घेतलेला नाही. पुढच्या ग्रामसभेत अनुकूलनाच्या नावाचं काम मंजुरीला आलं, तर तळं कशानं भरणार आणि उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीचं पाणी किती उतरणार, हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.