डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरची नळी जोडताना घ्यावयाची काळजी

विहिरीवरील पंपसंच असो, ट्रॅक्टर असो की मळणी यंत्राला जोडलेले इंजिन असो, ऐन हंगामात ते बंद पडले तर सगळ्या कामाचा खोळंबा होतो. नोझल तपासून आणल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर इंजिन सुरूच न होणे, झटके देत चालणे किंवा डिझेल गळणे अशा तक्रारी नेहमी येतात. अशा वेळी फ्युएल पंप खराब झाला असे समजून तो दुरुस्तीला पाठविला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष असतो तो पंप आणि इंजेक्टर यांना जोडणाऱ्या नळीच्या जोडात. हा जोड जोर लावून नव्हे, तर स्वच्छ ठेवल्याने आणि सरळ बसविल्याने घट्ट होतो, हे लक्षात ठेवले तर बराच खर्च वाचतो.

नळीचे काम

५ अश्वशक्तीचे, मिनिटाला १,५०० फेरे घेणारे एक सिलिंडरचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण सव्वा लिटर डिझेल वापरते. चार स्ट्रोकच्या या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे तासाला ४५,००० वेळा डिझेल फवारले जाते. एका फवाऱ्याच्या वाट्याला जेमतेम एक थेंब येतो. हा थेंब धुक्यासारखा बारीक फवारला जावा म्हणून इंजेक्टर साधारणपणे १७५ ते २५० किलोग्रॅम प्रति चौ. सें.मी. दाबाला उघडतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमधील हवेचा दाब एक किलोग्रॅमच्या आसपास असतो, यावरून या दाबाची कल्पना यावी. जोडातून थोडे जरी डिझेल निसटले किंवा नळीत हवा राहिली, तरी हा दाब तयार होत नाही. हवा दाबली जाते, पण डिझेल पुढे सरकत नाही.

ही पोलादी नळी बाहेरून साधारण ६ मि.मी. आणि आतून केवळ २ मि.मी.च्या आसपास असते. तिच्या टोकाला निमुळता गोल आकार असतो. तो इंजेक्टरवरील खोलगट बैठकीत धातूवर धातू असा बसतो. येथे वायसर, दोरा किंवा सफेता लावावयाचा नसतो. गळती होते म्हणून नट अधिकाधिक आवळल्यास टोक चेपते, भोक अरुंद होते आणि गळती मात्र थांबत नाही.

खोलण्यापूर्वी

१) इंजिन थंड होऊ द्यावे. जोडाभोवतीची धूळ व तेलकट मळ डिझेल आणि ब्रशने साफ करून मगच पाना लावावा.

२) एकापेक्षा जास्त सिलिंडर असल्यास प्रत्येक नळीला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. सर्व सिलिंडरना सारख्याच वेळी डिझेल मिळावे म्हणून या नळ्यांची लांबी सारखी ठेवलेली असते. त्यामुळे नळी कापून, वाकवून किंवा डाग देऊन वापरू नये. मूळ मापाचीच नवी नळी घ्यावी.

३) उघडी तोंडे टोपणाने किंवा स्वच्छ प्लॅस्टिकच्या कागदाने बंद करावीत. चिंधी किंवा सुताचा बोळा कोंबू नये. त्याचा एक धागाही नोझलचे छिद्र बंद करू शकतो.

इंजेक्टर बसविणे

हेडमधील भोकात जुना तांब्याचा वायसर चिकटून राहतो. तो काढून बैठक साफ करावी व योग्य जाडीचा एकच नवा वायसर टाकावा. दोन वायसर टाकल्यास नोझल वर राहते आणि फवारा योग्य ठिकाणी पडत नाही. इंजेक्टरचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे, सारखे आवळावेत. किती जोर द्यावा हे इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

नळी जोडणे

नळी आपोआप सरळ बसली पाहिजे. दोन्ही टोकांचे नट आधी केवळ बोटांनी तीन-चार आटे फिरवावेत. बोटांनी नट फिरत नसेल तर नळी तिरपी आहे असे समजावे. अशा वेळी पाना न लावता नळीची पट्टी सैल करून ती पुन्हा बसवावी. पंपाकडील नट आवळताना खालचा डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, म्हणजे तो फिरत नाही. इंजेक्टरकडील नट तूर्त एक फेरा सैल ठेवावा. शेवटी नळीची पट्टी न विसरता बसवावी. पट्टी नसल्यास इंजिनाच्या थरथरीने नळीला चीर पडते.

हवा काढणे

टाकीत पुरेसे डिझेल असल्याची खात्री करून कॉक उघडावा. प्रथम फिल्टरवरील आणि नंतर पंपावरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की तो आवळावा. मग थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन हँडलने किंवा सेल्फने फिरवावे. सैल ठेवलेल्या नटाजवळून बुडबुड्यांशिवाय डिझेल येऊ लागले की नट बेताने आवळावा. सांडलेले डिझेल पुसून घ्यावे. जवळपास विडी-सिगारेट ओढू नये.

गळती तपासताना हात लावू नका

इंजिन चालू असताना जोडावरून बोट फिरविण्याची सवय अत्यंत धोक्याची आहे. बारीक चिरेतून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखत नाही. मात्र आत गेलेल्या डिझेलमुळे काही तासांतच मांस सडू लागते व बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. अशी इजा झाल्यास घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि 'दाबाखालचे डिझेल आत गेले आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती पाहण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा लांबून जोडाजवळ धरावा. गळती असेल तर पुठ्ठा ओला होतो. नट आवळावयाचा तो इंजिन बंद करूनच.

सेकंदाला एक थेंब गळाला तरी दहा तासांत सुमारे एक लिटर डिझेल वाया जाते. आवळूनही गळती थांबत नसेल तर नळीचे टोक व बैठक तपासून नळी बदलावी.

नव्या ट्रॅक्टरसाठी सूचना

५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून धुराबाबतचे नवे नियम लागू झाले. या गटातील अनेक ट्रॅक्टरमध्ये आता कॉमन रेल पद्धत असते. तिच्यातील दाब हजार किलोग्रॅमच्याही पुढे जातो. नट सैल करून हवा काढण्याची वर दिलेली रीत अशा इंजिनावर मुळीच वापरू नये. बऱ्याच कंपन्या एकदा खोललेली नळी पुन्हा न वापरता नवीच बसवावयास सांगतात. हे काम अधिकृत कारागिराकडूनच करून घ्यावे.

जुन्या पद्धतीच्या इंजिनासाठी मात्र दोन योग्य मापाचे पाने, एक ब्रश, वाटीभर स्वच्छ डिझेल आणि थोडा धीर एवढे पुरेसे आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वीच सर्व जोड एकदा तपासून घ्यावेत, म्हणजे पाण्याच्या पाळीच्या दिवशी इंजिनाजवळ बसून राहण्याची वेळ येणार नाही.