तीन चिंचोके आणि चार भुते

जुन्या पोथीचे संपादन करणाऱ्याचा पहिला नियम असा, की पाठात चूक दिसली तरी हात आवरावा. आधी मूळ जसे आहे तसे उतरवावे, आपले शहाणपण तळटिपेत ठेवावे. महाविद्यालयात मराठी शिकवताना हा नियम मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे. घरच्या टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळताना तो आठवेल, असे मात्र कधी वाटले नव्हते!

झाले आहे असे, की एके काळी नाणे टाकून खेळायचे ते आर्केडचे खेळ आता संकलने होऊन घरी येतात. नॅमको या जपानी कंपनीने आपल्या जुन्या खेळांचे असे पहिले संकलन १९९५ मध्ये काढले. तेव्हापासून ही परंपरा थांबलेली नाही. बहुतेक चांगल्या संकलनांत खेळ नव्याने लिहिलेला नसतो. मूळ आज्ञावली तशीच ठेवतात आणि तिच्याभोवती जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी करतात. बिचाऱ्या खेळाला वाटते, आपण अजून त्या जुन्या लाकडी पेटीतच आहोत.

ही नक्कल दोषांसकट करावी लागते, यातच खरी गंमत आहे. १९७८ सालचा 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या. तोमोहिरो निशिकादो यांनी पडद्यावर पंचावन्न परग्रहवासी उभे केले; पण त्या काळचा प्रोसेसर एका वेळी एकालाच हलवू शके. सगळी पलटण हलायला वेळ लागे. जसजसे शत्रू मरत, तसतसा यंत्रावरचा भार कमी होई आणि उरलेले अधिक वेगाने अंगावर येत. शेवटचा एकटा तर पिसाळल्यासारखा धावतो! निशिकादोंनी ही अडचण तशीच राहू दिली, आणि तीच खेळाचा प्राण ठरली. आजच्या वेगवान यंत्राने ती 'दुरुस्त' केली, तर खेळच संपला.

सगळेच संपादक इतके प्रामाणिक नसतात. १९८४ च्या 'पॅक-लँड'मध्ये मिस पॅक-मॅन हे पात्र होते. २०२२ मध्ये तो खेळ पुन्हा आला, तेव्हा हक्कांच्या गुंत्यापायी तिला काढून तिच्या जागी 'पॅक-मॉम' नावाची दुसरीच बाई आणून बसवली. आमच्या शास्त्रात याला प्रक्षेप म्हणतात!

पण माझा जीव जडला आहे तो मूळ 'पॅक-मॅन'वर. १९८० चा हा खेळ तोरू इवातानी यांचा. आर्केड म्हणजे पुरुषांचा अड्डा. तिथे मुलींना आणि जोडप्यांना यावेसे वाटावे, म्हणून त्यांनी मारामारी टाळून खाण्याचा विषय घेतला. मटामट खाण्याच्या आवाजाला जपानीत 'पाकु पाकु' म्हणतात, त्यावरून हे नाव. हे वाचले आणि मी क्षणभर थांबले. माझ्या लहानपणी आमच्या गावातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये दादा रुपया घेऊन आत जाई, आणि मी दाराशी त्याची वाट पाहत उभी राही. आत जाऊ नको, असे कुणी म्हटले नव्हते. म्हणावे लागत नसे. आतून नुसता टुकटुक आवाज येई. माझ्यासारखीसाठी केलेला एक खेळ जगात होता, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

म्हणून आता भरपाई चालू आहे. चक्रव्यूहात २४० ठिपके, चार मोठ्या गोळ्या आणि चार भुते. भुतांचे स्वभाव वेगवेगळे आहेत, हे सासूबाईंनी माझ्या आधी ओळखले. लाल भूत सरळ पाठलाग करते. गुलाबी भूत आपल्या पुढची जागा हेरून वाट अडवते. नारिंगी लांबून धावत येते आणि जवळ आले की काढता पाय घेते. "हा नारिंगी अगदी आमच्या धाकट्या दिरांसारखा," असे म्हणून सासूबाई त्याच्याकडे दुर्लक्ष करतात आणि माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवतात.

घरच्या खेळात एकच वस्तू हरवते, ती म्हणजे नाणे. बटण दाबले की नाणे पडल्याचा आवाज होतो, खिशाला झळ नाही. पण हे खेळ नाणे गिळण्यासाठीच रचलेले आहेत. हरण्याची धास्ती नसेल तर दहा मिनिटांत कंटाळा येतो. म्हणून मी नियम केला: रोज संध्याकाळी प्रत्येकाला तीन चिंचोके. एक डाव, एक चिंचोका. चिंचोके संपले की उठायचे. 'ह्यां'चे पहिल्या पाच मिनिटांतच संपतात आणि मग ते सासूबाईंकडे उसने मागतात. त्या देत नाहीत.

भांडण आहे ते वेगळ्याच गोष्टीवरून. कॅपकॉमच्या 'आर्केड स्टेडियम'मध्ये (२०२१) खेळ मागे नेण्याची सोय आहे. मुलगी १९८४ चे '१९४२' हे विमानांचे युद्ध खेळते, आणि विमान पडले की काळ उलटा फिरवून ते पुन्हा उडवते.

"ही लबाडी आहे," मी म्हटले.

"आई, तू कविता पाठ करून घेतेस तेव्हा चुकलेली ओळ परत म्हणायला लावतेस ना? मग ती काय लबाडी?"

शेवटी तडजोड झाली. सराव करताना वाटेल तितके मागे जावे. पण चिंचोका ठेवून खेळलेल्या डावात नाही, आणि वहीत गुण लिहायचे ते त्याच डावाचे. वही सासूबाईंच्या ताब्यात असते. सध्या पहिली तीन नावे त्यांचीच आहेत.